पीळ कुणी घातला? दोर, त्याची निवड आणि मराठी भाषा

ग्रामीण कथा-कादंबऱ्यांच्या अभ्यास-आवृत्त्यांना शेवटी कठीण शब्दांची सूची जोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. या सूचीत नाडा, सोंदूर, कासरा, चऱ्हाट, दावे, सुंभ असे शब्द आले की त्यांच्यापुढे बहुधा एकच अर्थ दिलेला आढळतो : 'एक प्रकारचा दोर'. हा अर्थ चुकीचा म्हणता येत नाही. पण 'एक प्रकारचा' या दोन शब्दांनी सगळेच प्रश्न मिटवून टाकलेले असतात. कोणता प्रकार? कशाच्या तंतूंचा? कोणत्या कामासाठी? आणि वळलेला कुणी? विद्यार्थी सूची वाचतो, अर्थ पाठ करतो आणि सहा वेगवेगळ्या वस्तूंच्या जागी त्याच्या मनात एकच नायलॉनची पिवळी दोरी लोंबकळत राहते.

आमचे म्हणणे असे आहे की, हे शब्द परस्परांचे पर्याय नाहीत. ते निर्णय आहेत. अमुक कामाला अमुक तंतू, इतकी जाडी, इतका पीळ असा पिढ्यान्‌पिढ्या तपासून घेतलेला निर्णय प्रत्येक शब्दामागे उभा आहे. आणि हे निर्णय ज्यांच्या हातांनी घेतले त्यांना मात्र भाषेने आपल्यात घेतले नाही. दोराचा इतिहास सांगायचा तर या दोन्ही गोष्टी एकत्र सांगाव्या लागतात.

तंतू आखूड, दोर लांब

प्रथम दोर ही वस्तूच किती चमत्कारिक आहे ते पाहू. अंबाडीचा किंवा ताडामाडाचा एकेक तंतू फार तर हात-दोन हात लांबीचा. त्यांपासून शंभर हातांचा दोर होतो आणि तो बैलजोडीची ओढ सहन करतो. हे कसे? गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'दोन नव्या शास्त्रां'वरील संवादग्रंथात अगदी आरंभीच हा प्रश्न उपस्थित केला आहे. आखूड तंतूंचा लांब दोर तुटायला इतके बळ का लागते, या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर आजही ग्राह्य आहे : पिळामुळे तंतू एकमेकांना आवळून धरतात आणि दोर जितका ओढावा तितकी ही पकड घट्ट होते. म्हणजे दोराचे बळ केवळ तंतूत नसते. ते तंतूंमधल्या घर्षणात असते.

पण नुसता पीळ पुरत नाही. एकाच दिशेने पिळलेले सूत मोकळे सोडले की उलगडते. म्हणून तंतूंना एका दिशेने पीळ देऊन सूत करायचे, सुते उलट दिशेने पिळून पेड करायचा आणि असे तीन पेड पुन्हा उलट दिशेने वळून दोर करायचा. प्रत्येक पीळ उलगडू पाहतो आणि त्याच धडपडीत दुसऱ्याला घट्ट करतो. उलगडण्याच्या दोन ओढींना परस्परांविरुद्ध उभे करून साधलेला हा समतोल माणसाच्या अतिप्राचीन शोधांपैकी एक आहे. फ्रान्समधील आब्री द्यु मारास या ठिकाणी एका दगडी हत्याराला चिकटलेला, जेमतेम सहा मिलिमीटर लांबीचा दोरीचा तुकडा सापडल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. तो चाळीस हजार वर्षांहून जुना आहे, नीअँडरथल मानवाने वळलेला आहे आणि त्यात तीन पेड आहेत. पेडांचा पीळ एका दिशेचा, दोरीचा दुसऱ्या दिशेचा. मूळ युक्ती तेव्हापासून बदललेली नाही.

आपल्या वाचकांना परिचित असलेला एक संस्कृत शब्द येथे आठवावा. 'गुण' या शब्दाचा एक अर्थ दोराचा पेड असा आहे. सत्त्व, रज, तम यांना 'गुण' का म्हणायचे, याचे स्पष्टीकरण देताना सांख्य परंपरेतील भाष्यकारांनी पुरुषाला बांधणाऱ्या दोराचे हे पेड आहेत अशी फोड केलेली आहे. तीन पेडांचा दोर ज्याने हाताळला आहे त्यालाच ही उपमा खऱ्या अर्थाने भिडते. तिन्ही पेड परस्परविरोधी ओढीने एकत्र राहतात, एकटा कोणताच टिकत नाही. रज्जुसर्पाचा दृष्टान्त तर आपण वर्गात नेहमीच देतो. पण तेथे दोर हा भ्रमाचे निमित्त म्हणून येतो. वस्तू म्हणून दोराकडे पाहणारी उपमा 'गुणा'चीच.

गावातले निवडशास्त्र

आता गावाकडे वळू. देशावरच्या शेतकऱ्याच्या घरी पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत निदान दहाबारा जातींचे दोर असत. त्यांचे तंतू मुख्यतः चार-पाच वनस्पतींचे.

अंबाडी ही ज्वारी-बाजरीच्या पिकात ओळी टाकून घेतली जाणारी. तिची कोवळी पाने भाजीला. मोठी झालेली ताटे कापून, पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालायची. दोनेक आठवड्यांत तंतूंना धरून ठेवणारा चिकट भाग सुटतो. मग साल ओढून, धुऊन, वाळवून जो वाख मिळतो तो मऊ असतो. म्हणून जनावराच्या अंगाला लागणारे दोर, म्हणजे गळ्यातले दावे, हातात धरायचा कासरा, नाकातली वेसण, यांना अंबाडी पसंत केली जाई. खरखरीत दोराने बैलाच्या नाकाला जखम होते आणि जखमी बैल औताला निरुपयोगी. वेसणीची निवड ही अशी हंगामाच्या जमाखर्चाशी जोडलेली होती.

ताग अंबाडीहून चिवट आणि पाण्यात अधिक टिकाऊ. येथे शब्दाची एक गंमत नोंदवली पाहिजे. मराठी खेड्यातला मूळचा ताग म्हणजे पिवळ्या फुलांचा, शेंगा खुळखुळणारा, हिरवळीचे खत म्हणूनही पेरला जाणारा. बंगालमधल्या पोत्यांचा ताग म्हणजे ज्यूट ही अगदी वेगळी वनस्पती. गिरणीची पोती सर्वत्र पसरली आणि एकाच शब्दात दोन वनस्पती राहू लागल्या. जुन्या गद्यात 'तागाचा दोर' वाचताना पोत्याचे सुतळ डोळ्यांपुढे आणू नये, एवढ्यासाठी हा खुलासा.

घायपात, म्हणजेच कित्येक भागांतले केकताड, हे मूळचे अमेरिका खंडातले. बांधाला कुंपण म्हणून लावलेल्या या झाडाच्या पातीतून निघणारा वाख लांब, पांढरा, मजबूत पण राठ. त्याचे दोर ओझी बांधायला, गाडीवर भरलेला कडबा आवळायला योग्य. जनावराच्या मानेला अयोग्य. हा वाख काढताना पातीचा रस अंगाला लागला की कातडीची आग होते, हेही येथेच सांगून ठेवतो. कापसाचे सूत मऊ आणि महाग. ते पाळण्याच्या दोऱ्यांना आणि सणासुदीच्या साजाला. आणि कोकणात काथ्या. त्याचे सुंभ, शिंकाळी, होडीचे दोर. त्याच्याविषयी पुढे अधिक लिहायचे आहे.

निवडीची खरी कसोटी मोटेवर लागे. चांभाराने शिवलेली चामड्याची मोट, तिला दोन दोर. वरच्या चाकावरून जाणारा जाड नाडा भरलेल्या मोटेचे सारे वजन पेलणारा. खालच्या लाकडी रुळावरून जाणारा बारीक सोंदूर मोटेची सोंड उचलून धरणारा. दोन्ही दोर दिवसभर पाण्यात भिजायचे, उन्हात वाळायचे, चाकावर घासायचे. नाड्याला ताकद हवी, पण तो वाकलाही पाहिजे. फार घट्ट पिळलेला दोर चाकावर ताठ राहतो आणि आतून तुटतो. सैल पिळलेला दोर लवचीक असतो, पण त्याचे तंतू लवकर झिजतात. दोहोंच्या मधला पीळ कोणता, हे वळणाऱ्याच्या तळहाताला कळत असे. नाडा तुटला तर मोट विहिरीत जाई, आणि ओढीतून एकदम सुटलेले बैल धावेवर कोसळत. हा 'एक प्रकारचा दोर' नव्हता, उन्हाळी पिकाचा जीव त्याला टांगलेला होता.

आजचे अभियंते याच गोष्टी आकड्यांत सांगतात. नव्या दोराला तुटायला जितके वजन लागते त्याच्या पाचव्या ते बाराव्या हिश्श्याइतकाच भार नेहमीच्या कामात त्यावर द्यावा. गाठ मारली की दोराची ताकद एकतृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटते. म्हणून कायमचा फास हवा असेल तर गाठ न मारता पेड उसवून दोरातच गुंफावेत. गावातल्या वळणाऱ्याला हे अपूर्णांक ठाऊक नव्हते. पण मोठ्या भाराचे फास तो गुंफूनच करी, गाठीवर सोडत नसे.

ओला दोर आणि शेतसारा

दोराच्या गुणधर्मांचा राज्यकारभाराशी आलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. मोजणी हे दोराचे प्राचीन काम. यज्ञवेदीच्या भूमितीचे ग्रंथ 'शुल्बसूत्रे' या नावाने ओळखले जातात. शुल्ब म्हणजे दोरी. अशोकाच्या लेखांत 'रज्जुक' नावाचे अधिकारी येतात. हे नाव रज्जूवरून, म्हणजे जमीन मोजण्याच्या दोरीवरून आले असावे असे सामान्यतः मानले जाते. कौटिलीय अर्थशास्त्रात सूत्राध्यक्षाच्या कामांत दोर वळवून घेणे समाविष्ट आहे आणि मुंज, बल्बज यांसारखी दोरखंडाची गवते वन-उत्पन्नात मोजलेली आहेत.

पण वनस्पतिज तंतूंचा एक स्वभाव असा की, ते पाणी पिऊन फुगतात. तंतू जाड झाला की पिळाला अधिक वेढा घालावा लागतो, आणि सगळा दोर लांबीत आखडतो. वाळला की पुन्हा सैलावतो. या साध्या गोष्टीचा अर्थ शेतकऱ्याच्या दृष्टीने काय होतो, हे 'आईन-ए-अकबरी'त नमूद आहे. मोजणीची तागाची दोरी कोरडी-ओली होईल तशी लांब-आखूड होई. पहाटेच्या दवात भिजवलेली दोरी घेऊन मोजणी केली तर तेच शेत अधिक बिघ्यांचे भरे. बिघे वाढले की सारा वाढला. अकबराच्या १९व्या राज्यवर्षात, म्हणजे १५७४-७५ च्या सुमारास, दोरीऐवजी लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूच्या काठ्या मोजणीला आल्या, त्यामागे हे कारण होते. एका तंतूचा ओलावा शोषण्याचा गुण आणि कुळाच्या घरातले धान्य यांचा असा थेट संबंध इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीपुरता येतो. वास्तविक तो एका प्रकरणाचा विषय आहे.

समुद्राने केलेली निवड

काथ्या हा तसा दुबळा तंतू. ताकदीच्या कसोटीत ताग किंवा अंबाडी त्याच्या पुढे. पण त्याचे दोन गुण इतरांत नाहीत. त्यातील काष्ठद्रव्याच्या मोठ्या प्रमाणामुळे तो खाऱ्या पाण्यात चटकन कुजत नाही, आणि तुटण्यापूर्वी तो पुष्कळ ताणला जातो. बहुतेक वनस्पतिज तंतू मूळ लांबीच्या शेकडा दोनतीन इतकेच ताणून तुटतात. काथ्याचा तंतू शेकडा पंचवीसच्या आसपास ताणला जाऊ शकतो. शिवाय काथ्याचा दोर पाण्यावर तरंगतो. लाटेवर हिंदकळणाऱ्या होडीला ताठ, बळकट दोरापेक्षा असा नमणारा दोर अधिक उपयोगी. बळापेक्षा नमते घेणे श्रेष्ठ ठरावे, अशी ही निवड समुद्राने केली.

म्हणून हिंदी महासागरातली जहाजे शतकानुशतके खिळ्यांनी ठोकलेली नव्हती, तर काथ्याने शिवलेली होती. अल्-बेरूनीने ११व्या शतकात या समुद्रातल्या बेटांचे दोन गट सांगितले, एक कवड्यांचा आणि दुसरा काथ्याच्या दोरांचा. १४व्या शतकात मालदीवमध्ये राहिलेल्या इब्न बतूताने काथ्या कसा काढतात याचे वर्णन करून शिवलेल्या जहाजांचे कारणही दिले आहे. खडकाळ समुद्रात खिळ्यांचे जहाज आपटले की फुटते. दोरांनी शिवलेले जहाज दणका सोसून नमते. उलट मार्को पोलोला होर्मुझची शिवलेली जहाजे अगदीच कुचकामी वाटली होती. दोघांच्या मतांतला फरक केवळ आवडीचा नाही; एकाने दोराचे बळ पाहिले, दुसऱ्याने त्याचे नमणे. या परंपरेचा एक पुनर्प्रयोग अलीकडेच झाला. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रातल्या जहाजावरून गोव्यात, केरळच्या कारागिरांच्या हातांनी, काथ्याने शिवलेले एक जहाज बांधण्यात आले; मे २०२५ मध्ये कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोरबंदरहून मस्कतच्या सफरीवर निघाले. अजिंठ्याचे चित्र आपल्या साहित्यात पुष्कळदा आले आहे, पण त्यातल्या शिवणीकडे कुणाचे लक्ष गेल्याचे आम्हाला स्मरत नाही.

युरोपीय आरमारांची निवड वेगळी होती. त्यांचे शीडदोर हेम्पचे, म्हणजे ज्या झाडाला आपण भांग म्हणून ओळखतो त्याच्या तंतूंचे. कुजू नये म्हणून डांबरात बुडवलेले. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या एका जहाजावर सुमारे ४२ किलोमीटर लांबीचे दोर होते असे सांगतात. हा हेम्प मुख्यतः रशियातून येई. रशियाशी बिनसले की ब्रिटिश आरमाराचा श्वास अडके. म्हणून कंपनी सरकारने हिंदुस्थानातले तंतू तपासायला घेतले. कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी ताग, अंबाडी, काथ्या अशा अनेक तंतूंच्या दोऱ्या करून त्या साध्या, टॅनिनमध्ये बुडवलेल्या व डांबरलेल्या अशा तिन्ही अवस्थांत वजने टांगून तोडल्या. मग तशाच दोऱ्या कित्येक दिवस पाण्यात कुजवून पुन्हा तोडल्या. क्रिमियाच्या युद्धाने रशियन हेम्प पुन्हा बंद पडल्यावर, १८५५ साली, जे. फोर्ब्स रॉयल यांचा हिंदुस्थानातील तंतुवनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ लंडनला निघाला. या साऱ्या व्यापारात इंग्रजीने आपल्या शब्दाचे काय केले तेही पाहण्यासारखे आहे. फिलिपिन्समधल्या एका केळीच्या जातीचा तंतू 'मनिला हेम्प' झाला, आपली अंबाडी 'दख्खनी हेम्प' किंवा 'बॉम्बे हेम्प' झाली, घायपाताचा भाऊबंद 'सिसल हेम्प' झाला. यांतला एकही हेम्प नाही. बाजाराला उपयोगाशी कर्तव्य असते, कुळाशी नाही.

मुंबईच्या काळा घोडा भागात 'रोपवॉक लेन' नावाची एक गल्ली होती. आज तिला साईबाबा मार्ग म्हणतात. दोर वळायला त्याच्या लांबीहून मोठी सरळ जागा लागते. इंग्लंडात चॅटमच्या गोदीतली दोर वळण्याची शाळा सुमारे ३४६ मीटर लांब आहे. अशा जागांनाच 'रोपवॉक' म्हणत. ब्रिटिश आरमारी दोरांत चोरी ओळखू यावी म्हणून एक रंगीत सूत आरपार वळलेले असे. ते काढायचे तर सगळा दोर उसवावा लागे. गटेने १८०९ च्या आपल्या एका कादंबरीत हा तपशील वापरला आणि कलाकृतीतून आरपार जाणाऱ्या सूत्राला जर्मन भाषेत 'लाल धागा' हा शब्दप्रयोग रूढ झाला. समीक्षेतला आपला 'आशयसूत्र' हा शब्दही दोरीच्याच घराण्यातला. फरक एवढाच की, त्या लाल धाग्यामुळे दोर कुणाचा ते कळत असे.

परतीचे दोर कुणी वळले?

आपल्याकडे तसा धागा नव्हता. मराठीतला सर्वांत प्रसिद्ध दोर म्हणजे सिंहगडचा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी पडल्यावर पळू पाहणाऱ्या मावळ्यांना सूर्याजीने 'दोर कापले आहेत' असे सांगितले, या कथेतून 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी बसला. घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा पोवाड्यातून लोकप्रिय झाली. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तेथे निवडक माणसे कड्यावर वानरासारखी चढतात आणि वरून माळ, म्हणजे दोरांची शिडी, सोडतात. घोरपड होती की नव्हती यावर पुष्कळ शाई खर्च झालेली आहे. पण शेकडो माणसांचे वजन अंधारात पेलणारी ती माळ कशाची होती, कुणी वळली होती, हा प्रश्न आमच्या वाचनात कुणी विचारलेला नाही. चढणाऱ्यांची नावे राहिली, कापणाऱ्याचे राहिले, वळणाऱ्याचे नाही.

गावगाड्यात दोर वळण्याचे काम प्रामुख्याने मांगांकडे, म्हणजे आजच्या मातंग समाजाकडे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गावगाड्या'त बलुतेदारांच्या कामांची तपशीलवार नोंद आहे. शेतकऱ्याला लागणारे नाडे, सोल, कासरे, दावी, चऱ्हाटे पुरवायची आणि त्याबद्दल सुगीला बलुते म्हणून धान्य घ्यायचे, अशी ही व्यवस्था. तिचे वर्णन करताना 'परस्परावलंबन' हा शब्द वापरण्याचा मोह अभ्यासकांना होतो. तो जपून वापरावा. ज्याने वळलेले दावे गोठ्यात चालत होते, ज्याने वळलेल्या नाड्याने विहिरीचे पाणी वर येत होते, त्याला त्याच विहिरीवर पाणी भरता येत नव्हते. मोट ओढताना नाडा पाण्यात बुडे तेव्हा विहीर विटाळत नसे. वळणाऱ्याचा हात बुडाला असता तर विटाळली असती. दोराचे असे शुद्धीकरण आणि हाताचे असे अशुद्धीकरण एकाच वेळी करणारी ही व्यवस्था होती. कुजत्या अंबाडीचा वास, घायपाताच्या रसाने होणारी आग आणि वळता वळता सोलवटलेले तळहात हे त्या 'परस्परावलंबना'तले एकाच बाजूचे देणे.

१८५५ हे वर्ष येथे पुन्हा आठवते. ज्या वर्षी लंडनमध्ये आपल्या अंबाडी-तागाची चिवटपणाची मोजमापे छापली गेली, त्याच वर्षी 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. तिचा विषय दोर नव्हता, माणूस होता. तंतूवर किती भार पडला की तो तुटतो याची मोजणी साम्राज्याने वजने टांगून केली. माणसावर किती भार पडला याची नोंद एका शाळकरी मुलीने केली. साहित्याच्या इतिहासात ही दोन पुस्तके-पाने शेजारी ठेवून वाचावीत, असे आम्हाला वाटते. पुढे १९२० साली वाटेगावात जन्मलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी 'फकिरा'सारख्या कादंबरीतून (१९५९) या समाजाला प्रथमच नायकाच्या जागी उभे केले. दोर पुरवणारा हात तेथे लेखणी आणि तलवार धरून आला.

जळला तरी पीळ

दोराच्या या जगाचा शेवट नायलॉनने केला असे आपण सहज म्हणतो. ते पुरते खरे नाही. देशावरच्या सर्वांत मोठ्या दोराची, नाड्याची, गरज संपवली ती डिझेल इंजिनांनी आणि विजेच्या पंपांनी. मोट थांबली तेव्हा नाडा थांबला. मग बैलांच्या जागी ट्रॅक्टर येत गेले तसे कासरे आणि दावी घटली. उरलेल्या जागेत कृत्रिम दोर शिरला.

कृत्रिम दोरांची कुळकथा थोडक्यात अशी : १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले; १९४१ मध्ये इंग्लंडात पॉलिस्टर; १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपिन्स घेतल्यावर मनिलाचा पुरवठा तुटला आणि नायलॉनच्या दोरांना मोठी संधी मिळाली. १२ मिलिमीटर जाडीचा मनिलाचा नवा दोर साधारण एक टनाच्या ओढीला तुटतो. त्याच जाडीचा नायलॉनचा सुमारे तीन टनांना. नायलॉन खूप ताणले जाते, म्हणून ते नांगराला, ओढून नेण्याला, गिर्यारोहणाला. पॉलिस्टर कमी ताणते, म्हणून शिडाला. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि तरंगणारे, म्हणून मासेमारीला, पण उन्हाने ते भुरभुरते. महाराष्ट्रातही चिंचवड आणि वाई येथे १९७६ पासून कृत्रिम दोर आणि जाळ्यांचा मोठा उद्योग उभा राहिला. निवडीचे शास्त्र संपलेले नाही. ते तळहातावरून तक्त्यात गेले आहे.

या बदलात काही गेले, काही राहिले. वनस्पतिज दोर तुटण्यापूर्वी कुरकुरतो, त्याचे तंतू आधी सुटे होऊन दिसतात; ताणलेले नायलॉन एकाएकी तुटते आणि चाबकासारखे मागे येते, त्याने खलाशांचे जीव गेलेले आहेत. जुना दोर उकिरड्यावर माती होई. नवा समुद्रात वर्षानुवर्षे माशांचे गळे आवळत राहतो. दुसरीकडे, नायलॉन वळायला कुणा एका जातीत जन्मावे लागत नाही. हा फायदा लहान नाही. जुन्या दोराविषयी हळवे होण्यापूर्वी तो आधी मोजला पाहिजे.

शेवटी एका म्हणीकडे येतो. 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण आपण हेकटपणासाठी वापरतो. तिच्यामागे निरीक्षण आहे. काथ्याचा किंवा अंबाडीचा दोर न हलवता जळू दिला तर राखेतही पेडांचे वेढे जसेच्या तसे दिसतात, कारण वनस्पतीचा तंतू वितळत नाही, कोळसा होतो. नायलॉनचा दोर पेटवून पाहा : तो वितळतो, त्याचे थेंब होऊन टपकतात, पीळ सर्वांत आधी जातो. म्हणजे आजच्या घरात जो दोर आहे त्याच्या बाबतीत ही म्हण वस्तुतः खोटी आहे. तरीही ती बोलली जाते आणि समजते. वस्तू गेली, तंतू गेला, वळणारा तर भाषेत कधी आलाच नव्हता. त्याचे निरीक्षण मात्र भाषेत टिकून आहे. राखेतल्या पिळासारखे.

शब्दार्थसूची करणाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे. 'नाडा' या शब्दापुढे निदान इतके लिहावे : मोटेचे वजन पेलणारा जाड दोर, अंबाडीचा किंवा तागाचा, मांगांनी वळलेला. यासाठी सूचीत एक ओळ अधिक लागेल. तेवढी जागा पुस्तकात असते.